पेशकारांची पुढची तारीख

माझे वडील कन्नडच्या कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून फायली पुढं करायच्या आणि काम उरकलं की पक्षकाराला पुढची तारीख सांगायची, ही त्यांची नोकरी. न्याय साहेब देत, तारीख दादा देत. साहेब दर तीन वर्षांनी बदलून जात, दादा तिथंच असत. त्यामुळं तालुक्यात दादांना मान जास्त. बाजारच्या दिवशी लोक त्यांची वाट अडवून विचारत, "पेशकारसाहेब, आमचं कवा?" हातातली भाजीची पिशवी खाली न ठेवता दादा सांगत, "पुढच्या महिन्यात ये की. पळून चाललंय का कोर्ट?"

दादा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. तारखांबद्दल त्यांचा एक पक्का सिद्धांत होता. पहिली तारीख हजेरीची, दुसरी मोहलतीची, तिसरीला कुणाचा तरी वकील आजारी पडतो, खरं काम चौथीला. पहिल्याच तारखेला साक्षीदार घेऊन, नवं धोतर नेसून येणाऱ्या माणसाकडं ते दयेनं बघत. "नवीन दिसतंय," म्हणत.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढं सर्जननं दादांच्या ऑपरेशनची तारीख दिली तेव्हा आम्ही ती पहिली तारीख समजलो. आम्ही म्हणजे दादा आणि मी. त्यानंतर जे झालं ते मात्र मी एकट्यानं केलं.

तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो. वाळूजच्या एका कंपनीत नियोजन विभागात होतो. कुठला भाग कधी बनवायचा हे ठरवणं म्हणजे नियोजन, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं. प्रत्यक्षात, न बनलेला माल लवकरच मिळेल असं गिऱ्हाइकाला पटेल अशा भाषेत कळवणं म्हणजे नियोजन. त्या वर्षांत औरंगाबादेत रोज एक नवीन शेड उभी राहत होती. ज्वारीच्या रानात कंपाउंडच्या भिंती आल्या, ज्यांची रानं गेली ती माणसं त्याच भिंतीच्या फाटकावर वॉचमन झाली, आणि आम्ही कंपनीच्या बसमधून त्यांचा सलाम घेत आत जायचो. सगळ्यांना सगळं ताबडतोब हवं होतं आणि ते पुढच्या आठवड्यात मिळेल हे सांगायला माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवली होती. म्हणजे मी दादांच्याच धंद्यात होतो. फक्त खुर्ची फिरती होती.

त्याच काळात विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न गावात पेटत, विझत होता. नाव बदलायचा ठराव मुंबईत मंजूर झाला तेव्हा मी कॉलेजात नुकता गेलो होतो. ठराव झाला आणि अंमलबजावणी योग्य वेळी करायची ठरली. मग खेड्यांत घरं जळली, माणसं मेली, मोर्चे निघाले, पोरं तुरुंगात जाऊन आली. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि योग्य वेळ काही येईना. या प्रश्नावर मी समंजस होतो. समंजस माणसांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ते मी कँटीनमध्ये चहाचा कप खाली ठेवून म्हणायचो: "नाव द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण ही वेळ नव्हे."

आमच्या डिस्पॅचला एक जण होता, नांदेडकडचा. त्याच्या मामाचं घर त्या जळितात गेलेलं. तो माझ्यासमोर बसून शांतपणे डबा खायचा. एकदा म्हणाला, "साहेब, एक विचारू? ती तुमची योग्य वेळ कुठल्या पंचांगात सापडती? आमच्यात नाही निघत."

सगळे हसले. मीही हसलो. समंजस होतो ना.

दादा रिटायर झाल्यावर आणि आई गेल्यावर आमच्याकडं औरंगाबादला उस्मानपुऱ्यात राहायला आले होते. त्यांना संडासवाटे रक्त जायला लागलं ते त्यांनी मूळव्याध म्हणून सहा महिने इसबगोलावर काढलं. शेवटी माझी बायको, ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, एक दिवस शाळेत रजेचा अर्ज टाकून त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी त्या दिवशी कुणाला तरी पुढच्या आठवड्यात माल देत होतो.

मूळव्याध नव्हती. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, बाहेरून चार बोटांवर, गाठ होती. तपासणीचा तुकडा पाठवला, उत्तर वाईटच आलं.

सर्जन साधारण माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. आधी शेक, म्हणजे किरणांचा, पाच आठवडे. सोबत शिरेतून इंजेक्शनं. त्यानं गाठ लहान होईल. मग ऑपरेशन. "चार बोटं म्हणजे काठावरचं आहे," ते म्हणाले. "गाठ चांगली आकसली तर खालची जागा वाचवता येईल, नेहमीसारखं संडासला जाता येईल. नाही तर पोटावर पिशवी. कायमची."

दादांनी चित्राकडं बघितलं. "आणि शेक झाल्या झाल्या नाय का कापत?"

"नाही. शेक संपला तरी त्याचं काम आत चालूच असतं. गाठ पुढंही आकसत राहते. आणि लगेच उघडलं तर सगळं सुजलेलं, लाल असतं. सहा आठवडे थांबायचं."

"आन् ज्यादा थांबलं तर?"

"तर आतलं सगळं चिवट होतं, एकमेकांना चिकटतं. गाठीलाही परत डोकं वर काढायला सवड मिळते. आठ आठवड्यांच्या पुढं मी जाणार नाही."

दादा समाधानानं मागं टेकले. "म्हणजे मियाद हाय. सहा ते आठ हप्ते." उभ्या आयुष्यात त्यांना प्रथमच असा साहेब भेटला होता जो तारीख का द्यायची हे कारणासकट सांगत होता. पण दादांनी त्यातून जे घेतलं ते निराळंच होतं. जिथं सहा ते आठ असतं तिथं दहासुद्धा असतं, हे त्यांना कोर्टात छत्तीस वर्षांनी शिकवलं होतं. आणि मला वाळूजनं.

शेकासाठी पुण्याला बहिणीकडं राहावं लागलं. पाच आठवडे मी दर रविवारी जाऊन येत होतो. दादा वाळले, चिडचिडे झाले, बसता येईना म्हणून उभ्यानं पेपर वाचू लागले. पण शेवटच्या आठवड्यात रक्त थांबलं. डिसेंबरच्या तोंडाला घरी आले, आणि पंधरा दिवसांत त्यांची भूक परत आली. एका सकाळी संडासातून बाहेर येऊन त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं, "साफ! एकदम साफ! कसली गाठ आन् कसलं काय!"

बायको भाकरी थापत होती. मान न वळवता म्हणाली, "मामा, गाठ गेली का नाही ते डॉक्टर सांगतील. संडास नाही सांगणार."

"सूनबाई, सबूत समोर हाय, तरी तू मानत नाय."

तारीख मिळाली ती संक्रांतीच्या आठवड्यातली. बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला लाल पेन्सिलीनं गोल केला आणि शेक संपल्या दिवसापासून एकेका आठवड्याखाली आकडे घातले. एक, दोन, तीन. सहावर गोल. तो गोल मला स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो की दिसायचा.

आता माझं सांगतो. जानेवारीअखेर आमच्या कंपनीत पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला येणार होती. त्यांच्यासमोर 'वेळेवर पुरवठा' या विषयावर तक्ते मांडायचं काम माझ्याकडं होतं. ते नीट पार पडलं तर नियोजन अधिकारी म्हणून माझं नाव पुढं जाणार, असं मॅनेजर एकदा जिन्यात म्हणाले होते. जिन्यात म्हणाले म्हणजे खरं असणार, असं मला वाटलं. ऑपरेशन झालं की दवाखान्यात पंधरा दिवस आणि नंतर घरी, मला महिनाभर तरी पूर्ण लक्ष देता येणार नव्हतं. वेळेवर पुरवठ्याचे तक्ते करायचे म्हणून वडिलांचं ऑपरेशन वेळेवर करायचं नाही, हे तेव्हा मला अजिबात विनोदी वाटलं नाही. मला ते नियोजन वाटलं.

अर्थात हे मी कुणाला बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही. बाकीची कारणं आपण होऊन दारात उभी राहिली. नावाचा निर्णय संक्रांतीच्या सुमारास होणार अशी बातमी फुटली होती. गावात पोलिसांच्या गाड्या वाढल्या. बंद होणार, कर्फ्यू लागणार, एसटी थांबणार, अशा अफवा रोज सकाळी दूधवाल्याबरोबर येत. मी घरी म्हणालो, "दादा, वातावरण जरा निवळू द्यावं."

दादांचे डोळे चमकले. ते कुणीतरी हे म्हणायची वाटच बघत होते, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, आपण त्यांना पटवलं.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये सहज सांगितल्यासारखं सांगितलं की वडिलांचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागतंय, गावातल्या गडबडीमुळं. मला थोडी सहानुभूती हवी होती. डिस्पॅचवाल्यानं घास थांबवला.

"कॅन्सरचं ऑपरेशन?"

"हो."

"साहेब, दवाखान्याला बंद नसतो. माझा मेव्हणा रिक्षा चालवतो. त्याला पाठवतो. आमच्या लोकांनी अडवलं तर मी पुढं बसतो, तुमच्या लोकांनी अडवलं तर तुम्ही पुढं बसा. पोचतील म्हातारे."

मी म्हणालो, "बघतो."

"बघू नका. सांगा फक्त किती वाजता."

मी सांगितलं नाही. त्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला आठवतं, त्या दिवसापासून तो मला त्या पंचांगावरून कधी बोलला नाही. मला ते बरं वाटलं होतं. समंजस माणसाला गप्प बसलेला माणूस नेहमीच बरा वाटतो.

दादांचे एक जुने दोस्त होते, कन्नडच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे मुन्शीजी. मुलाचं औरंगपुऱ्यात दुकान झाल्यावर तेही गावात आले होते. दर शुक्रवारी नमाज झाली की रिक्षानं आमच्याकडं येत, दादांबरोबर चहा पीत आणि दोघं मिळून मेलेल्या वकिलांची निंदा करत. त्या शुक्रवारी दादांनी त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला.

"मुन्शीजी, लिखो. मोहलत की दरख्वास्त."

"किस के नाम?"

"सर्जनसाहेब के."

मुन्शीजींनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. "पेशकारसाब, मजाक कर रै क्या?"

"मजाक कायकू? तोंडी बोलायचं म्हणजे खेडवळपणा झाला. बाकायदा अर्ज दिला की साहेब विचार करतो."

"वो डाक्टर है, साब. मुन्सिफ नै."

"तारीख देतो ना? मग झालं."

मुन्शीजींनी माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरकडं बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "मैं लिख देतूं. चालीस साल तुमारे बोलने पे लिखा. मगर एक बात सोचो. इस मुकदमे में सामनेवाली पार्टी कौन है? वो तारीख नै मांग रै. वो रोज हाजिर है."

दादांनी कागद आणखी पुढं सरकवला. मग म्हणाले, "लिखो."

अर्ज असा होता, मला पाठ आहे. 'मेहेरबान सर्जनसाहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज ऐसा की, अर्जदाराचे प्रकृतीस पूर्ण आराम असून रक्त जाणे बंद आहे. शहरातील हालात ठीक नाहीत. पौष महिना असल्याकारणाने घरातील वडीलधाऱ्या मंडळींची हरकत आहे. सबब, मेहेरबानी करून दोन महिन्यांची मोहलत मिळावी.' घरातील वडीलधारी मंडळी म्हणजे अर्जदार स्वतःच होते आणि त्यांनी जन्मात पौष पाळला नव्हता. पण तीन कारणांशिवाय मोहलतीचा अर्ज शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बायको त्या दिवशी शाळेतून आली, अर्ज वाचला आणि माझ्याकडं वळली. "अहो, तुम्ही हे नेऊन देणार?"

"दादांची इच्छा आहे."

"आणि तुमची?"

मी म्हणालो, "डॉक्टर काय म्हणतात ते बघू. ते नाही म्हणाले तर प्रश्नच मिटला." हे मी मनापासून म्हणालो होतो. म्हणजे निदान त्या क्षणापुरतं.

सर्जननी अर्ज उभ्यानंच वाचला. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, "पेशकार होते का?" मी हो म्हणालो. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कोर्टात काढतात तसा डाव्या समासात तिरका शेरा लिहिला. 'अर्ज नामंजूर. ठरल्या दिवशी दाखल व्हावे. थांबण्यात धोका आहे.' खाली सही. "त्यांना त्यांच्याच भाषेत दिलंय," ते म्हणाले. "आता ऐकतील."

ते बरोबर होतं. दादांनी तो शेरा बघितला असता तर त्याच संध्याकाळी पिशवी भरली असती. आयुष्यभर त्यांनी साहेबाचा लेखी हुकूम मोडला नव्हता.

मी कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात घातली. घरी येईपर्यंत क्रांती चौकात दोनदा सिग्नल लागला, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, अजून ठरवलेलं नाही. जिना चढताना ऐकलं तर दादा वरून विचारत होते, "काय हुकूम झाला?"

मी म्हणालो, "मंजूर. म्हणाले, हरकत नाही, मार्चमध्ये बघू."

दादा म्हणाले, "बघ! बाकायदा अर्ज दिला की असं असतं."

बायकोनं विचारलं, "खरंच म्हणाले?"

मी म्हणालो, "तूच विचार ना जाऊन." असं म्हटलं की माणूस जात नाही, हे गिऱ्हाइकांना पत्रं लिहून लिहून मला माहीत झालं होतं. ती गेली नाही. त्या दिवसापर्यंत मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो, एवढाच तिचा दोष.

संक्रांतीला नावाचा निर्णय झाला. योग्य वेळ आली की नाही माहीत नाही, पण निर्णय झाला. जुनं नाव ठेवून त्याला नवं जोडलं. सोळा वर्षांच्या लढ्याला तेवढं मिळालं. डिस्पॅचवाल्यानं पेढे वाटले. मी पेढा घेताना म्हणालो, "चला, झालं एकदाचं." तो म्हणाला, "वडलांचं?" मी म्हणालो, "मार्चमध्ये." त्यानं पुढच्या टेबलाकडं बॉक्स नेला.

दादांच्या ऑपरेशनचा दिवस गेला. घरात तिळगूळ होता. कॅलेंडरवरचा लाल गोल तसाच राहिला. बायको त्याच्यापुढं आकडे घालत गेली. सात, आठ. नऊ घातल्यावर तिनं पेन्सिल ठेवून दिली.

आणि पाहणी? गावातल्या वातावरणामुळं पुण्याच्या गिऱ्हाइकानं ती पुढं ढकलली. फेब्रुवारीअखेर ठरली, मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली. मी तीन वेळा तक्ते नव्यानं केले. शेवटी माणसं आली, तक्त्यांसमोरून चालत गेली, त्यातला एक जण म्हणाला, "फार छान रंग आहेत," आणि सगळे जेवायला गेले. अधिकारी दुसराच कुणी तरी झाला. मॅनेजर या वेळी जिन्यात भेटले नाहीत.

फेब्रुवारीतच दादांना परत कळा यायला लागल्या होत्या. आधी ते लपवत होते. मग एक दिवस संडासातून बाहेर आले आणि काहीच जाहीर न करता पलंगावर जाऊन पडले.

होळीच्या आधीच्या आठवड्यात मी एकटाच सर्जनना भेटायला गेलो. तो शेकानंतरचा सोळावा आठवडा होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. "तुम्ही आला नाहीत. मी जागा धरून ठेवली होती."

इथं खरं सांगायची मला दुसरी संधी होती. मी म्हणालो, "काय करणार डॉक्टर, वडील ऐकेनात. फार हट्टी आहेत."

त्यांनी मान हलवली. असे हट्टी म्हातारे ते रोज बघत असणार. त्यांनी आठवड्यानंतरची तारीख दिली.

दादा दाखल झाले. सर्जन वॉर्डात राउंडला आले, दादांचं पोट तपासलं, बोटानं आतून तपासलं आणि हातमोजे काढता काढता जरा रागानंच म्हणाले, "बाबा, फार हट्टी हो तुम्ही. मी अर्जावर स्पष्ट 'नामंजूर' लिहून दिलं होतं. तुमच्या मुलानं किती समजावलं असेल. ऐकायचं ना त्याचं."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, हातात पाण्याची बाटली. बायको औषधं आणायला खाली गेली होती.

दादांनी सर्जनकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. जास्त वेळ नाही. कोर्टात एखाद्या फायलीचं वरचं पान बघून ती कुणाची हे ओळखायला त्यांना लागायचा तेवढाच.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "लई हट्टी हाय मी. लेकरानं लई समजावलं. माझीच चूक."

सर्जन पुढच्या पलंगाकडं गेले. दादांनी हात पुढं केला. मला वाटलं, ते माझा हात मागतायत. त्यांना बाटली हवी होती.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा फार लांबलं. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, आत सगळं चिकटलेलं होतं, गाठ खालपर्यंत आली होती, खालची जागा वाचवता आली नाही. पिशवी कायमची. बायको रडली. मी विचारलं, "सहाव्या आठवड्यात केलं असतं तर?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित वाचली असती. कदाचित तेव्हाही नसती."

त्यानंतर दादा साडेतीन वर्षं जगले. पिशवीला ते 'मुद्देमाल' म्हणत. मुन्शीजी शुक्रवारी आले की विचारत, "मुद्देमाल ठीक?" आणि दादा सांगत, "सील कायम." दोघं हसत. बाहेर जाणं मात्र त्यांनी सोडलं. कन्नडच्या बाजाराला एकदाही गेले नाहीत. तिथं माणसं वाट अडवून फार जवळ उभी राहतात, म्हणाले. पिशवी बदलायला मी शिकलो. बायकोला करू दिलं नाही. तेवढं तरी. पण तेही प्रायश्चित्त म्हणून करत होतो, त्यामुळं फार मन लावून करायचो आणि दादांना त्याचाच त्रास व्हायचा. "सरक जरा," ते म्हणायचे. "पूजा करतोस का पिशवी बदलतोस?"

वॉर्डातल्या त्या सकाळबद्दल आम्ही बोललो नाही. रोग यकृतात गेल्याचं कळल्यावर, शेवटच्या उन्हाळ्यात, एक दिवस दुपारी मी त्यांची पिशवी बदलत होतो तेव्हा ते छताकडं बघत म्हणाले, "कोर्टात कुठल्याबी अर्जावर हुकूम झाला की त्याची नक्कल मिळते. ठाऊक हाय ना?"

माझे हात थांबले.

"तोंडी हुकूम मी उभ्या नोकरीत बघितला नाय. त्या दिवशी तू जिन्यात 'मंजूर' म्हणला. मी छत्तीस साल पेशकारी केलेला माणूस. मी नक्कल मागितली का तुला?"

"नाही, दादा."

"का नाय मागितली?"

मी पिशवीचं टोक चाचपत राहिलो.

"मागितली असती तर तुला द्यावी लागली असती," ते म्हणाले. "मग मला जावं लागलं असतं. भ्यालो होतो रे मी. या मुद्देमालाला भ्यालो होतो. तू एकटाच नव्हता त्याच्यात. आता ते टोक नीट चिकटव, गळतंय."

त्यांनी मला वाटा देऊन मोकळं करायचा प्रयत्न केला. मला ते जमलं नाही. कारण ते भ्याले होते रोगाला आणि पिशवीला, आणि मी तक्ते रंगवत होतो. हे दोन्ही एकाच कलमाखाली बसत नाही. त्यांना माझं खरं कारण माहीत नव्हतं आणि मी तेव्हाही सांगितलं नाही. म्हटलं, बरे होऊ दे जरा, मग सांगू. ते पावसाळ्यात गेले.

आता मी पन्नाशी ओलांडलीय. मध्यंतरी एका तरुण सर्जनशी ओळख झाली, त्याला मी नावं न सांगता हे प्रकरण विचारलं. तो म्हणाला, शेकानंतर किती थांबावं यावर आमच्यात अजून एकमत नाही. कुणी सहा-आठ म्हणतं, कुणी दहा-बारापर्यंत थांबतं, गाठ जास्त विरघळते म्हणून. काही जणांची तर पूर्ण विरघळते, आणि काही ठिकाणी ऑपरेशन न करता नुसतं बारीक लक्ष ठेवतात. "पण लक्ष ठेवतात हं," तो म्हणाला. "कॅलेंडरवर सोडून देत नाहीत. आणि सोळा आठवडे कुणी विचारपूर्वक थांबलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या त्या माणसांनी का थांबवलं होतं?"

मी म्हणालो, "कामाची गडबड होती."

तो म्हणाला, "अच्छा."

म्हणजे मी दादांचं नुकसान केलं की नाही, हे कधीच कळणार नाही. पण तो शेरा मी वाचला होता तेव्हा हे सगळे वाद मला माहीत नव्हते. मला एवढंच माहीत होतं की थांबण्यात धोका आहे, आणि ते वाचून मी चौघडी केली.

तो कागद कंपनीच्या एका जुन्या फायलीत होता. मागच्या महिन्यात मी तो बायकोपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. तक्त्यांसकट. तिनं अर्ज वाचला, समासातला शेरा वाचला, परत वाचला. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं कागदाच्या घड्या हातानं सपाट केल्या. मग म्हणाली, "मी नऊपर्यंत आकडे घातले होते. दहाव्या आठवड्याला मीच दवाखान्यात जायला पाहिजे होतं." म्हणजे तिनंही स्वतःचा वाटा काढून घेतला. आमच्या घरात दोष कुणी दुसऱ्याला मिळूच देत नाही.

मग तिनं चष्मा काढला. "आणि तुमची तारीख कधीची आहे?"

वडिलांना हा रोग होता म्हणून मुलानं दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असं मला त्या तरुण सर्जननं सांगितलं होतं. मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा पुढं ढकलली होती. पहिल्यांदा वर्षअखेर होती म्हणून, दुसऱ्यांदा का ते आठवत नाही.

"घेतो पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो.

ती उठली. माझी दवाखान्याची फाइल कपाटातून काढली, दादांचा अर्ज तिच्यात सगळ्यांत वर लावला, शेरा दिसेल असा. आणि माझ्यासमोर बसून फोन लावला. मंगळवारी सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी. "बरोबर कोण येणार?" असं पलीकडून विचारलं असावं.

"मी," ती म्हणाली. "मीच घेऊन येणारंय त्यांना."